हेल्मेट खालीच राहावं म्हणून

वेल्डिंगच्या उजेडानं डोळा दुखावतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात सांगावं लागत नाही. तालुक्याच्या गावी ग्रिल आणि गेट करणारं दुकान घ्या, कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या बांधणारं वर्कशॉप घ्या, नाही तर भोसरी-सातपूरच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारा गाळा घ्या. 'आर्क लागणं' म्हणजे काय, हे तिथल्या जवळजवळ प्रत्येकानं सोसलेलं असतं. तरीही उघड्या तोंडानं टाके मारणं थांबत नाही. कारागिराला धोका माहीत असतो, काळ्या काचेचं हँडशिल्ड बाजूलाच पडलेलं असतं, आणि तरी तो मान वळवून, डोळे मिटून टाका मारतो. असं का होतं, याचं खरं उत्तर शोधल्याशिवाय डोळ्यांच्या रक्षणाबद्दल लिहिलेलं काहीही त्याच्या उपयोगाचं नाही. म्हणून ऑटो-डार्क हेल्मेटच्या निवडीवरच्या या पुस्तिकेची सुरुवात त्या उत्तरापासून करतो.

उत्तर काळ्या काचेतच आहे. हँडशिल्डमध्ये किंवा साध्या हेल्मेटमध्ये बसवलेली ११ नंबरची काच तिच्यावर पडलेल्या उजेडाचा साधारण एकोणीस हजारावा भाग आत सोडते. आर्क पेटलेली असताना तेवढा उजेड पुरतो. आर्क पेटण्याआधी मात्र त्या काचेतून ना जॉब दिसतो, ना सांधा, ना रॉडचं टोक. कारागीर रॉड जागेवर नेतो, शिल्ड तोंडासमोर आणतो, अंधारात अंदाजानं आर्क काढतो, टाका मारतो, शिल्ड बाजूला करून गुण्या लावतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. एका गेटला असे कितीतरी टाके असतात. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात पट्टी, मग शिल्ड धरायचं कुणी? डोक्यावरचं हेल्मेट मानेच्या झटक्यानं खाली पाडावं, तर त्याच झटक्यात रॉड सरकतो आणि टाका भलतीकडे लागतो. यातून सुटायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डोळे मिटणं. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं कारागिरावर अन्याय करणारं आहे. हातात दिलेलं साधन काम आणि डोळा यांतलं एकच सांभाळू देत होतं, आणि मजुरी कामाची मिळते.

ऑटो-डार्क हेल्मेटनं ही अडचण मुळातून सोडवली. आर्क नसताना त्याची काच ३ किंवा ४ नंबरची असते; हिरवट किंवा निळसर झाक असते, पण सांधा स्वच्छ दिसतो. आर्क पेटली की डोळ्याला कळायच्या आत काच काळी होते आणि आर्क विझली की पुन्हा उजळते. म्हणजे हेल्मेट सकाळी एकदा खाली घ्यावं आणि त्यातूनच जॉब लावावा, टाका मारावा, गुण्या लावावा, भरावही घालावा. या हेल्मेटची खरी किंमत इथे आहे. ते चेहऱ्यावरून काढावं लागत नाही, आणि जे हेल्मेट चेहऱ्यावरून उतरत नाही तेच डोळे वाचवतं. पुढे निवडीबद्दल आणि जुळवणीबद्दल जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका कसोटीवर घासून पाहावं. चुकीच्या नंबरावर ठेवलेलं, डोक्याला टोचणारं, खरखरीत झालेल्या काचेचं महागडं हेल्मेटही दुपारपर्यंत कपाळावर चढतं, आणि मग जुनी सवय परत येते.

धोका नेमका काय आहे, ते आधी नीट समजून घेऊ. आर्कमधून तीन प्रकारचे किरण निघतात: डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, दिसणारा लख्ख उजेड, आणि उष्णता वाहणारे अवरक्त किरण. अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शोषले जातात आणि त्याचा वरचा थर भाजतो. गंमत वाटावी असं यात काही नाही, पण फसवं आहे खरं: हे भाजणं त्या क्षणी जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिव्याकडे बघवत नाही. हेच ते 'आर्क लागणं'. बहुतेक वेळा हा थर एक-दोन दिवसांत भरून येतो, आणि भरून येतो म्हणूनच माणूस ते मनावर घेत नाही. दिसणाऱ्या उजेडाचा, विशेषतः त्यातल्या निळ्या भागाचा मारा थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होतो. तिथली इजा कायमची राहू शकते. अवरक्त किरणांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्यानं भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७मध्ये वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण आणि वेल्डिंगचा धूर, या दोन्हींना माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. त्यातल्या किरणांचा संबंध डोळ्याच्या कर्करोगाशी आहे.

आर्क लागल्यावर आपल्याकडे बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी असे उपाय रात्रभर चालतात. भाजलेल्या बुबुळावर घरातली कुठलीही वस्तू ठेवणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. त्याहून घातक म्हणजे मेडिकलमधून आणलेले डोळा सुन्न करणारे थेंब. दुखणं लगेच थांबतं, पण ते थेंब वारंवार घातले तर बुबुळ भरून येत नाही आणि जखम चिघळते. स्टेरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालू नयेत. अंधाऱ्या खोलीत पडून राहावं, डोळे चोळू नयेत, आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. ग्राइंडिंगही झालं असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण जो त्रास आर्कचा वाटतो तो बुबुळात रुतलेल्या लोखंडाच्या कणाचाही असू शकतो.

या साधनाला इतिहास आहे. निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीनं आर्क वेल्डिंग करण्याची पद्धत शोधली, तिचं पेटंट १८८५चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड आणला आणि आज आपण वापरतो त्या रॉडच्या वेल्डिंगचा पाया घातला गेला. काचेच्या भट्टीवरच्या कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूचा अभ्यास करताना विल्यम क्रुक्स यांनी अवरक्त आणि अतिनील किरण अडवणाऱ्या काचा तयार केल्या. त्यांचा अहवाल १९१४मध्ये छापला गेला. त्यानंतर वेल्डरच्या वाट्याला काळी काच आली आणि पुढची कित्येक दशकं तीच राहिली. १९८१मध्ये स्वीडनच्या ओके हॉर्नेल यांनी स्पीडग्लास हा आपोआप काळा होणारा फिल्टर बाजारात आणला. पुढे २००४मध्ये तो व्यवसाय थ्रीएम कंपनीनं घेतला. आर्क वेल्डिंगच्या जन्मानंतर तिच्याकडे नीट बघता येईल अशी काच मिळायला जवळपास शंभर वर्षं लागली. आज अनेक देशांत अशी हेल्मेट तयार होतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानांतही ती टांगलेली दिसतात.

आत काय घडतं, हे माहीत असेल तर दुकानदाराच्या बोलण्यातलं खरं-खोटं ओळखता येतं. हेल्मेटच्या चौकटीत बसणारी फिल्टरची वडी अनेक थरांची असते. पुढच्या बाजूला अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा लेप दिलेली काच असते. तिच्यामागे ध्रुवकांच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचे थर. मोबाइलच्या किंवा कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतात त्याच जातीचे. समोरच्या बारीक खिडक्यांमागचे सेन्सर आर्कचा उजेड टिपतात, वीजमंडल द्रवस्फटिकाला विजेचा दाब देतं, स्फटिकांची मांडणी बदलते आणि उजेडाची वाट बंद होते. वीज येते ती नाण्याएवढ्या लिथियम बॅटरीतून आणि काचेच्या वर बसवलेल्या सौर पट्टीतून.

यातली एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा पहिला थर कायमचा असतो. तो चालू-बंद होत नाही. काच उजळ असो वा काळी, बॅटरी भरलेली असो वा संपलेली, चांगल्या प्रमाणित फिल्टरमध्ये हे किरण सारखेच अडतात. चालू-बंद होतो तो फक्त दिसणारा उजेड. तेव्हा 'काच एकदा काळी झाली नाही आणि रात्री आर्क लागली' अशी तक्रार आली, तर दोन शक्यता तपासाव्यात. एक, उजेड हेल्मेटच्या बाजूनं किंवा मागून आत आला. दोन, हेल्मेट अप्रमाणित आहे आणि त्यात तो थर नीट नाहीच. दुसरी शक्यता भयंकर आहे, कारण तो थर आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. अशी काचही आर्क पेटताच छान काळी होते, घालणारा निर्धास्त राहतो आणि अदृश्य किरण आत येत राहतात. म्हणून प्रमाणपत्र हा या खरेदीतला पहिला प्रश्न आहे आणि किंमत त्यानंतरचा.

प्रमाणपत्र कसं वाचायचं? युरोपात आपोआप काळ्या होणाऱ्या फिल्टरसाठी ईएन ३७९ हे मानक आहे. आता त्याची जागा आयएसओ १६३२१ ही मालिका घेते आहे. ईएन ३७९च्या फिल्टरवर १/१/१/२ असे चार आकडे छापलेले असतात. पहिला आकडा काचेतून चित्र किती सरळ दिसतं त्याचा, दुसरा उजेड किती विखुरतो त्याचा, तिसरा काळेपणा सगळीकडे किती एकसारखा आहे त्याचा, आणि चौथा तिरकं पाहिल्यावर काळेपणा किती बदलतो त्याचा. १ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे निकृष्ट. चौथा आकडा आपल्याकडे कुणी विचारत नाही, पण पाइपाखाली आडवं पडून किंवा ट्रॉलीच्या चासीत मान तिरकी करून काम करणाऱ्यानं तो जरूर पाहावा. अमेरिकी मानक आन्सी झेड८७.१ आहे, उडत्या कणांचा जोराचा मारा झेलणाऱ्या हेल्मेटवर झेड८७+ अशी खूण असते. आपल्याकडे वेल्डिंगच्या डोळे-चेहरा संरक्षणासाठी आयएस ११७९ हे भारतीय मानक आहे. या खुणा हेल्मेटच्या खोक्यावर असून भागत नाही. त्या फिल्टरच्या वडीवर आणि कवचावर असाव्या लागतात, सोबत उत्पादकाचं नाव आणि माहितीपत्रक हवं, आणि दुकानदारानं पक्कं बिल द्यायला हवं. यातलं एकही नसेल तर ती वस्तू स्वस्त पडली तरी सोडून द्यावी. त्यापेक्षा मानकाप्रमाणे बनवलेली साधी काळी काच कितीतरी बरी.

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत काच काळी होण्याचा वेग लिहिलेला असतो: सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग, तीस हजारावा भाग. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, हे लक्षात घेतलं तर पंचवीस आणि तीस हजारांतला फरक कारागिराला जाणवणार नाही. वेग सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षा मंद नसला, की लक्ष दुसरीकडे वळवावं. दिवसभर शेकडो टाके मारणाऱ्याचे डोळे संध्याकाळी थकतात का, हे पाहून वेगवान फिल्टर घ्यावा. फक्त आकड्याला भुलून घेऊ नये.

खरं लक्ष द्यायला हवं ते आपल्या कामाकडे. फक्त रॉडचं काम असेल तर दोन सेन्सरचं साधं हेल्मेट चालतं. आर्गन वेल्डिंग करणाऱ्यानं चार सेन्सरचंच घ्यावं. आर्गनची आर्क कमी अँपिअरला फार लहान असते. पाइप, कप किंवा स्वतःचा हात सेन्सरच्या आड आला तर काच मध्येच उजळते. असं दोन-तीनदा झालं की कारागिराचा हेल्मेटवरचा विश्वास उडतो. किती कमी अँपिअरला हेल्मेट चालतं, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते आपल्या कमीत कमी अँपिअरशी ताडून घ्यावं. सोबत ग्राइंडिंग होत असेल तर ग्राइंड मोड हवा आणि कवच मारा झेलणारं हवं. बॅटरी बदलता येते का, तेही विचारावं. काही हेल्मेटांत ती आत बंद केलेली असते आणि ती संपली की सगळं हेल्मेट संपतं. वजन हातात न जोखता डोक्यावर घालून, मान खाली करून जोखावं. अर्धा किलो वजन दुकानात हलकं वाटतं आणि आठ तासांनी मानेला कळतं. पुढची-मागची संरक्षक काच त्याच दुकानात सुटी मिळते का, हा शेवटचा प्रश्न, पण माझ्या मते प्रमाणपत्राखालोखाल महत्त्वाचा.

आता जुळवणीकडे येऊ. काचेचा नंबर एकानं वाढवला की आत येणारा उजेड सुमारे २.७ पटींनी कमी होतो. १० नंबरची काच साधारण सात हजारावा भाग आत सोडते, ११ नंबरची एकोणीस हजारावा, १३ नंबरची एक लाख एकोणचाळीस हजारावा. म्हणजे हेल्मेटवरची नंबराची खुंटी एका खुणेनं फिरवणं हा लहान बदल नाही. नंबर अँपिअरवर ठरतो. अमेरिकेच्या झेड४९.१ या वेल्डिंग सुरक्षा मानकातला तक्ता जगभर वापरला जातो. त्याप्रमाणे रॉडच्या वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरसाठी १० नंबर सुचवलेला आहे आणि ८च्या खाली जाऊ नये. १६० ते २५०साठी १२ सुचवलेला आणि किमान १०. आपल्या ग्रिलच्या दुकानात १२ नंबरचा आणि १० नंबरचा रॉड बहुतेक पहिल्या पट्ट्यातच चालतो. रॉडचा नंबर आणि काचेचा नंबर यांची गल्लत मात्र करू नये. रॉडचा नंबर वाढला की रॉड बारीक होतो, काचेचा नंबर वाढला की काच गडद होते. सीओटू वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरसाठी ११ सुचवलेला आहे, १६० ते २५०साठी १२, आणि दोन्हीकडे किमान १०. आर्गनला ५०च्या आत १०, ५० ते १५०ला १२, किमान ८. आर्गनला धूर जवळजवळ नसतो, आर्क उघडी दिसते, म्हणून अँपिअर कमी असूनही गडद काच लागते.

नंबर लावण्याची रीत अशी: आधी गडद बाजूनं सुरुवात करावी. वितळलेल्या धातूचं तळं आणि त्याची कड दिसत नसेल तर एकेक नंबर खाली यावं. तळं स्पष्ट दिसू लागलं की थांबावं, आणि तक्त्यातल्या किमान नंबराखाली कधीही जाऊ नये. काम संपल्यावर डोळ्यांपुढे डाग तरंगत असतील तर नंबर कमी पडतो आहे. उलट जास्तीत जास्त गडद म्हणजे जास्तीत जास्त सुरक्षित, हा समजही चुकीचा आहे. अतिनील आणि अवरक्त अडवणारा थर ९वरही तोच आणि १३वरही तोच. फार गडद काचेतून दिसत नाही, म्हणून माणूस तोंड जवळ नेतो आणि थेट धुरात घालतो, किंवा कंटाळून हेल्मेट वर करतो.

दुसरी खुंटी सेन्सिटिव्हिटीची. ती जास्त असेल तर शेजारच्या वेल्डरच्या आर्कनं किंवा पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हानंही आपली काच काळी होते. कमी असेल तर स्वतःच्या बारीक आर्कनंही होत नाही. आपल्याकडे दाटीवाटीच्या गाळ्यात तीन-चार जण काम करतात, काच सारखी लुकलुकते, आणि वैतागून खुंटी शून्याकडे ढकलली जाते. पुढे कधीतरी त्याच हेल्मेटवर आर्गनचं काम येतं आणि काच उजळच राहते. म्हणून खुंटी आधी पूर्ण वर न्यावी, शेजारचा उजेड त्रास देईनासा होईल तेवढीच खाली आणावी, आणि मग आपली आर्क काढून खात्री करावी. काम बदललं की ही जुळवणी पुन्हा करावी.

तिसरी खुंटी डिलेची, म्हणजे आर्क विझल्यावर काच किती वेळ काळी राहावी याची. साधारण ०.१ सेकंद ते १ सेकंद एवढा तिचा पल्ला असतो. टाके मारताना डिले कमी ठेवावा, म्हणजे पुढची जागा लगेच दिसते. जाड प्लेटवर मोठ्या अँपिअरनं भराव घालताना तो जास्त ठेवावा, कारण आर्क विझली तरी तापलेलं तळं काही क्षण झगझगत असतं. आर्गनला मध्येच काच उजळत असेल तर डिले थोडा वाढवून आणि सेन्सिटिव्हिटी वर नेऊन पाहावं.

खुंट्यांइतकाच महत्त्वाचा आहे डोक्याचा पट्टा, आणि तो बहुतेक कारागीर आयुष्यात एकदाही जुळवत नाहीत. त्यात चार गोष्टी बदलता येतात: घेर, डोक्यावरची उंची, काचेचं डोळ्यांपासूनचं अंतर, आणि खाली पाडल्यावरचा कल. पट्टा भुवयांच्या वर, कपाळावर बसावा. काच डोळ्यांसमोर सरळ यावी, कारण तिरकं पाहिलं की काळेपणा कमी-जास्त दिसतो. दोन्ही डोळे काचेपासून सारख्याच अंतरावर असावेत. मान हलवल्यावर हेल्मेट डगमगत असेल तर घेर आवळावा. कपाळ दुखत असेल तर उंची बदलावी. पट्ट्याची कपाळावरची गादी घामानं कुजते, ती धुवावी आणि बदलावी. मान झटकून हेल्मेट पाडण्याची गरज आता उरलेली नाही, ही सवय मोडली की मानेचं दुखणंही कमी होतं.

चाळिशी लागलेल्या वेल्डरबद्दल इथे वेगळं सांगायला हवं. वयानुसार जवळचं दिसेनासं होतं आणि अनुभवी कारागिराचा हात अचानक बिघडल्यासारखा वाटतो. तो काचेचा नंबर कमी करतो, तोंड जॉबजवळ नेतो, शेवटी हेल्मेट वर करून टाका मारतो. बहुतेक चांगल्या हेल्मेटांत आतून भिंगाची पट्टी बसवायची खाच असते. +१ पासून +२.५ पर्यंतची भिंगं मिळतात आणि त्यांना फार पैसे पडत नाहीत. तपासून घेतलेला चष्मा हेल्मेटच्या आत घातला तरी चालतो. ज्याचा हात वर्षानुवर्षांत घडला आहे, अशा माणसाचं काम या एका पट्टीनं आणखी बरीच वर्षं चालू राहू शकतं.

काचेची निगा फार अवघड नाही. फिल्टरच्या पुढची पारदर्शक संरक्षक काच ठिणग्यांनी खरखरीत होते. तिच्यातून धूसर दिसलं की कारागीर दोष नंबराला देतो आणि नंबर उतरवतो. खरं तर काही रुपयांची ती काच बदलायला हवी. नव्या काचेवरची पातळ फिल्म काढल्याशिवाय ती बसवू नये. पुसायला मऊ ओला फडका घ्यावा. थिनर, पेट्रोल, रॉकेल लावू नये. संरक्षक काचेशिवाय फिल्टर वापरू नये; त्याला तडा गेला असेल तर तो टाकून द्यावा. हेल्मेट तापलेल्या जॉबवर किंवा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. उष्णतेनं द्रवस्फटिक बिघडतात. रोज सकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: सेन्सरच्या खिडक्या पुसलेल्या आहेत का, टेस्टचं बटण दाबल्यावर काच काळी होते का, आणि ग्राइंड मोड बंद आहे का. ग्राइंड मोडमध्ये काच काळी होतच नाही. ग्राइंडिंग उरकून त्याच घाईत होल्डर उचलणाऱ्याला याचा फटका बसतो.

काही कामांना हे हेल्मेट नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. गॅस कटिंगची ज्योत सेन्सरला पुरेशी नसते. तिथे ५ नंबरच्या आसपासचा साधा गॉगल वापरावा. हातात धरून चालवायची लेझर वेल्डिंग यंत्रं आता छोट्या गाळ्यांतही येऊ लागली आहेत. आर्कसाठी बनवलेलं हेल्मेट लेझरसाठी अजिबात नाही. त्या यंत्राच्या तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेलंच संरक्षण लागतं, कारण तिथे एका क्षणाची चूक कायमची दृष्टी घेऊ शकते.

हेल्मेट घालणाऱ्यापुरता हा विषय संपत नाही. आर्कचा उजेड भिंतीवरून, स्टेनलेसच्या पत्र्यावरून, चकचकीत गॅल्व्हनाइज्ड शीटवरून परत येतो आणि मागून हेल्मेटच्या आत शिरतो. म्हणून आत बाजूच्या पाखांसह पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा घालावा. तो अतिनील किरण अडवतो आणि हेल्मेट वर केल्यावर उडणाऱ्या स्लॅगपासूनही वाचवतो. आणि सगळ्यात जास्त उजेड ज्याच्या डोळ्यांत जातो तो हेल्पर. वेल्डरला हेल्मेट असतं. पट्टी धरून हातभर अंतरावर उभा असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चेहरा वळवून उभा असतो, किंवा रस्त्यावरचा काळा चष्मा लावतो. त्या चष्म्याचा इथे काही उपयोग नाही. हेल्परलाही पूर्ण चेहरा झाकणारं, योग्य नंबरचं हेल्मेटच हवं. रस्त्याला लागून असलेल्या दुकानानं उजेड अडवणारा आडोसा करावा. चमक नसलेला गडद रंग दिलेला साधा पत्राही चालतो, ताडपत्री नको, कारण ती पेटते. शाळेतून येणारी मुलं त्या ठिणग्यांकडे टक लावून पाहतात, आणि त्यांना रात्री काय होईल हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या ३५व्या कलमानं अतिउजेडापासून आणि उडत्या कणांपासून डोळे वाचवण्याची जबाबदारी मालकाच्या बाजूला टाकली. दोन-तीन माणसांच्या दुकानापर्यंत असे कायदे क्वचित पोहोचतात. तिथे मालकच मोठा वेल्डर असतो, आणि तो जे करतो तेच हेल्पर शिकतो. म्हणून ही पुस्तिका तपासनिसासाठी लिहिलेली नाही. ती त्या मालकासाठी, कारागिरासाठी आणि आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवणाऱ्या निदेशकांसाठी आहे. पुढच्या प्रकरणांत कामाच्या प्रकाराप्रमाणे हेल्मेटची निवड, अँपिअरप्रमाणे नंबरांचे पूर्ण तक्ते, पट्ट्याची जुळवणी आणि रोजची तपासणी चित्रांसह दिली आहे. ती वाचून कपाटात ठेवण्यापेक्षा गाळ्यात मशीनजवळ टांगावी.

निदेशकांना एक विनंती आहे. मुलांच्या हातात पहिल्या दिवशी होल्डर देण्याआधी हेल्मेट द्या आणि पट्टा प्रत्येकाच्या डोक्याला स्वतः जुळवून द्या. मालकांना विनंती अशी की पुढचं हेल्मेट घ्याल तेव्हा दोन घ्या, एक हेल्परसाठी. आणि वेल्डर बंधू-भगिनींना एवढंच सांगणं आहे: तुमचं हेल्मेट आज कपाळावर चढत असेल तर त्याला काहीतरी कारण आहे, नंबर, पट्टा, धूसर काच किंवा भिंग. ते कारण शोधा, आजच दुरुस्त करा, आणि हेल्मेट खाली ठेवूनच टाका मारा.